बिली बिशप विमानतळ, टोरांटो : सरोवराकाठची सेवा, एका सोलापूरकराच्या नजरेतून

मुलगी टोरांटोला स्थायिक झाल्यापासून आमच्या तिकडे तीन फेऱ्या झाल्या. मात्र शहराच्या ऐन दारात, ओंटॅरिओ सरोवरातील बेटावर असलेल्या बिली बिशप विमानतळावरून प्रवास करण्याचा योग या वेळी प्रथमच आला. प्रवास लहानसाच होता, टोरांटो ते ओटावा आणि परत. सोलापुरात होटगी रस्त्यावरील विमानतळाचा वाद वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या माणसाला तो विमानतळ पाहून गप्प राहवत नाही, म्हणून सेवेबरोबरच तिथल्या वादाविषयीही लिहीत आहे.

सात रस्त्यावरून रिक्षा करून होटगी रस्त्याने विमानतळ गाठावा, तितक्याच सहजतेने इथे पोहोचता येते. युनियन स्टेशनवरून 509 क्रमांकाची ट्राम पकडली, बाथर्स्ट रस्त्यापाशी उतरलो आणि थोडे चालल्यावर समोर पाणी आले. बेट आणि किनारा यांच्यामध्ये अंतर किती, तर अवघे 121 मीटर. आपले सिद्धेश्वर तळे ज्याने पाहिले आहे, त्याला एवढेसे पाणी ओलांडायला बोट कशाला, पूल का नाही, असा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. मलाही पडला. त्याचे उत्तर असे की, पूल नको म्हणूनच त्या शहराने 2003 मध्ये महापौर निवडला होता. डेव्हिड मिलर यांनी पूल रद्द करण्याच्या आश्वासनावर निवडणूक लढवली, ती जिंकली आणि पूल खरोखरच रद्द झाला; त्यापोटी पुढे केंद्र सरकारला साडेतीन कोटी डॉलरची भरपाई मोजावी लागली.

जाताना आम्ही पाण्याखालच्या बोगद्याने गेलो. 2015 मध्ये तो पादचाऱ्यांसाठी खुला झाला. लिफ्टने सुमारे 30 मीटर खाली उतरायचे, सरकत्या पट्ट्यावर उभे राहायचे आणि सरकत्या जिन्यांनी वर यायचे. गुडघेदुखीमुळे जिने चुकवणाऱ्या माझ्या पत्नीलाही त्रास झाला नाही. सगळे मिळून सहा-सात मिनिटे लागली.

सुरक्षा तपासणीला रांग जेमतेम पंधरा जणांची होती. पत्नीच्या पिशवीत ओटावाच्या यजमानांसाठी नेलेली शेंगाचटणीची पुडी होती. तपासणीस बाईंनी ती बाहेर काढली, हातात धरून हलवली आणि हे काय आहे, असे विचारले. "शेंगदाणा, लसूण आणि तिखट" एवढे सांगितल्यावर त्यांनी पुडीवरून कापडाची पट्टी फिरवली, ती यंत्रात घातली, पुडी जशीच्या तशी परत दिली आणि विमानात मात्र ती उघडू नका, कुणाला शेंगदाणे बाधतात, असे बजावले. हे सगळे घाई न करता, हसतमुखाने झाले. मोठ्या विमानतळावर मागे दोनशे माणसे ताटकळत असताना असे होणे कठीणच.

विमान डॅश 8-400 जातीचे, म्हणजे पंख्याचे, साधारण 78 आसनांचे होते. त्याचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे उड्डाणानंतर सरोवर, शिडाच्या होड्या आणि सीएन टॉवर विनाअडथळा दिसतात. आत आवाज बराच होतो, हे कबूल केले पाहिजे. शेजाऱ्याशी बोलताना सूर चढवावा लागतो. खाण्यापिण्याची सोयही बेताचीच असल्याने घरून पोट भरून निघणे बरे.

या विमानतळावर पंख्याचीच विमाने का, यातच सगळा वाद सामावलेला आहे. विमानतळ 1939 चा आहे. 1983 मध्ये केंद्र सरकार, टोरांटो शहर आणि बंदराचे प्राधिकरण यांच्यात 50 वर्षांचा करार झाला आणि त्यात रुग्णवाहू उड्डाणांसारखे अपवाद वगळता जेट विमानांना मनाई करण्यात आली. धावपट्टी 1,216 मीटरची आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी आहे. 2006 मध्ये पोर्टर या विमान कंपनीने येथून सेवा सुरू केली आणि ओस पडत चाललेला विमानतळ गजबजला. 2013 मध्ये तिनेच जेट विमाने आणण्यासाठी धावपट्टी सरोवरात भराव घालून वाढवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा शहर दुभंगले. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय वाहतूकमंत्री मार्क गार्नो यांनी करार पुन्हा उघडणार नाही असे सांगितल्यावर तो प्रस्ताव बारगळला. आता ओंटॅरिओ प्रांताचे प्रमुख डग फोर्ड यांनी विस्ताराचा आग्रह धरल्यामुळे विषय पुन्हा पेटला आहे.

मुलीच्या घरी जेवताना हीच चर्चा निघाली. जावई विस्ताराच्या बाजूचे. विमानतळ आधीचा आणि किनाऱ्यावरचे मनोरे नंतरचे, मग तिथे घर घेणाऱ्यांनी आवाजाची तक्रार का करावी, हा त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मुलीचे म्हणणे असे की, बाथर्स्ट रस्त्याच्या टोकाला शाळा आहे, आताच तिथे टॅक्सींची कोंडी होते, मग प्रवासी दुप्पट झाल्यावर गाड्या जातील कुठून? मला स्वतःला मुलीचे पटले. ज्या गोष्टींचे मी वर कौतुक केले, ती तोकडी रांग, तपासणीस बाईंची सवड, ट्रामपासूनचे चालत जाण्याजोगे अंतर, हे सारे त्या विमानतळाच्या लहानपणाचे देणे आहे. लांबच्या प्रवासाला टोरांटोचा मोठा पिअर्सन विमानतळ आहेच आणि युनियन स्टेशनवरून त्याला थेट रेल्वे जाते.

आपल्याकडे 'आधी कोण' हा वाद होटगी रस्त्याच्या विमानतळावरील उड्डाणांना अडथळा ठरणाऱ्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून झाला. 15 जून 2023 रोजी चिमणी पडली, सप्टेंबर 2024 मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि जून 2025 मध्ये गोव्याचे विमान सुटले. या सगळ्या काळात होटगी रस्ता की नव्या विमानतळासाठी ठरवलेले बोरामणी, यावर कट्ट्याकट्ट्यांवर तावातावाने बोलले गेले. होटगी रस्त्याचा विमानतळ कुठवर वाढू द्यायचा आणि कोणत्या मर्यादेपुढे बोरामणीच गाठायचे, हे लिहून ठेवा असे म्हणणारा मात्र मला भेटला नाही. टोरांटोकरांनी तसे 40 वर्षांपूर्वी लिहून ठेवले, म्हणून त्यांना आज निदान कशावर भांडायचे ते ठाऊक आहे.

सेवेला पाचपैकी चार गुण देईन. एक गुण आवाजाचा आणि खाण्याचा कापला. टोरांटोला मुलांकडे जाणाऱ्या सोलापूरकरांनी ओटावा किंवा माँट्रियलचा बेत असेल तर भाडे थोडे जास्त पडले तरी येथूनच निघावे. परतताना सामान जड नसेल तर बोगद्याऐवजी बोटीने यावे. ती दर पंधरा मिनिटांनी सुटते, पायी येणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि कठड्याला टेकून नीट उभे राहेपर्यंत पलीकडचा काठ आलेला असतो.