मागच्या बाजूचा गेन नॉब: वर्कस्टेशनवर व्होकोडर रेकॉर्ड करताना आलेला अनुभव

माझ्या वर्कस्टेशनवर (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारा सिंथ आणि रेकॉर्डिंगची सोय एकत्र असलेला कीबोर्ड) माईकचा गेन नॉब, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणारा, फिरवला की खरखर यायला लागली. सर्व्हिस सेंटरने नॉब नव्हे, आख्खा इनपुट बोर्ड बदलायला सांगितला. सुटा भाग मिळत नाही म्हणे. एका नॉबसाठी मी एवढा खर्च करणार नव्हतो. वीज बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो, खरखर गेली. राग मात्र गेला नाही, कारण या कीबोर्डवरचा व्होकोडर (सिंथच्या आवाजाला माईकमधले शब्द बोलायला लावणारा इफेक्ट) त्या एका नॉबवर अडतो, आणि कंपनीने तो मागे लपवलाय. त्याला ना आकडे, ना खाचा.

अभियंता होमर डडली यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत व्होकोडर घडवला तो टेलिफोनसाठी, बोलणं कमी जागेत पाठवता यावं म्हणून. तत्त्व आजही तेच आहे. आवाजाचे फ्रिक्वेन्सीनुसार पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्याचा जोर मोजायचा आणि त्या मापाने सिंथच्या आवाजातला तोच पट्टा उघडायचा. म्हणजे माईकची पातळी कमी पडली की पट्टे अर्धवट उघडतात आणि शब्दांचे शेवट गळतात. जास्त झाली की आवाज फाटतो, सगळीकडे गुणगुण पसरते आणि शब्द त्यात बुडतात. मधली योग्य जागा अगदी अरुंद आहे. स्क्रीनवर इनपुट मीटरही नाही, त्यामुळे ती कानानेच शोधावी लागते.

सुरुवातीचे काही आठवडे मला हा व्होकोडर सुमार वाटत होता. आता ते मत राहिलेलं नाही. गेन जमला, डायनॅमिक माईक ओठांजवळ धरला (केबलमधून माईकला वीज देणारी फँटम पॉवर इथे नाही, त्यामुळे ती लागणारा कंडेन्सर माईक बादच) आणि कॅरिअरला, म्हणजे ज्याचे पट्टे उघडतात त्या सिंथच्या आवाजाला, फिल्टर पूर्ण उघडलेला सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी भरगच्च लहर) दिला, की आवाज अंगावर येतो. मऊ पॅड किंवा बासरीसारखे टोन इथे उपयोगाचे नाहीत, त्यांच्या वरच्या पट्ट्यांत उघडायला काही नसतंच. ‘स’, ‘श’, ‘छ’ यांचा जोर तर सगळा वरच. म्हणून कॅरिअरमध्ये थोडा नॉइज ऑसिलेटर (नुसती सळसळ काढणारा) मिसळतो. तेवढ्याने शब्द लख्ख कळतात. कॉर्ड मधल्या सप्तकात, रिलीज (पट्टी सोडल्यावर रेंगाळणारा आवाज) आखूड. सूर कीबोर्डवर दाबलेल्या पट्ट्यांवरून येतो, त्यामुळे गाताना सगळं लक्ष उच्चारांकडे देता येतं, आणि हे सुख दुसऱ्या कुठल्याच इफेक्टने मला दिलेलं नाही.

ऐकायला हेडफोनच हवेत. स्पीकरमधून सिंथ माईकमध्ये शिरला की तो स्वतःचेच पट्टे उघडत बसतो.

आता रेकॉर्डिंग. सिक्वेन्सर (कीबोर्डमधला नोंद ठेवणारा भाग) फक्त मिडी, म्हणजे कुठली पट्टी कधी दाबली एवढंच, नोंदवतो. नोटा राहतात, आवाज राहत नाही. माईकशिवाय तो ट्रॅक वाजवला तर शांतता. म्हणून व्होकोडरचा आउटपुट त्याच वेळी ऑडिओ म्हणून उतरवावाच लागतो, आणि त्याआधी इनपुटचा कोरडा, म्हणजे इफेक्ट न लागलेला, आवाज मुख्य आउटपुटकडे जात नाही ना, हे राउटिंगच्या (कुठला आवाज कुठे जातो त्या) पानावर पाहावं. तो जात असेल तर यंत्राच्या आवाजाखाली तुमचा साधा आवाज कायमचा चिकटतो.

आणि इथे पुन्हा तोच नॉब. आज कडवं उतरवलं, उद्या कोरस, मध्ये केबल लावताना नॉबला हात लागला, की दोन्ही तुकडे जुळत नाहीत. नेलपॉलिशचा ठिपका देऊन पाहिला. बरंच भागतं, पण केसभर फरक राहतोच.

हल्ली आधी कोरडा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करतो, मग इनपुट माईकऐवजी लाइनवर (मोबाइलसारख्या उपकरणाच्या जोरदार सिग्नलसाठी) ठेवून मोबाइल जोडतो, आणि तो वाजत असताना कॉर्ड धरतो. कडवं आणि कोरस एकाच बैठकीत, एकाच गेनवर उतरतात. कॉर्ड चुकला तर पुन्हा गावं लागत नाही. वेगळा ऑडिओ इंटरफेस (संगणकात आवाज उतरवणारं उपकरण) घ्यायची गरजही उरली नाही. फक्त मोबाइलचा व्हॉल्यूम दर वेळी तेवढाच ठेवा. त्याला निदान पायऱ्या तरी आहेत.