दहा नाण्यांचा पौंड : ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’मधील ओझ्याचे नियम

गॅव्हिन नॉर्मन यांचे ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ हे 2019 साली नेक्रॉटिक ग्नोम या प्रकाशनसंस्थेने काढलेले नियमपुस्तक म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र चालवत खेळायच्या साहसखेळाच्या 1981 सालच्या बेसिक आणि एक्सपर्ट या दोन संचांची नव्याने लावलेली, नीटनेटकी मांडणी आहे. या पुस्तकाच्या मांडणीचे कौतुक बरेच झाले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातील एकाच पानाविषयी लिहायचे आहे. बहुतेक गट ते पान वाचून पुढे उलटतात, कारण तेथील नियम ऐच्छिक आहे असे पुस्तकच सांगते. ते पान ओझ्याचे, म्हणजे पात्राने अंगावर किती वजन वाहायचे याचे, आहे.

या पुस्तकात वजन मोजण्याचे एकक नाणे हे आहे. तलवार 60 नाण्यांची, ढाल 100 नाण्यांची, चामड्याचे चिलखत 200 नाण्यांचे आणि प्लेट मेल, म्हणजे धातूच्या पत्र्यांचे चिलखत, 500 नाण्यांचे. दहा नाण्यांचा एक पौंड होतो, म्हणजे एक नाणे सुमारे 45 ग्रॅमचे ठरते. आपला जुना तोळा 11.66 ग्रॅमचा धरला, तर हे नाणे जवळजवळ चार तोळ्यांचे झाले. व्हेनिसचा डुकाट साडेतीन ग्रॅमचा होता आणि शिवकालीन होन तर तीन ग्रॅमहूनही हलका होता. या हिशेबाने पुस्तकातील एका मोहरेत पंधरा-सोळा होनांचे सोने मावेल. शिवाय नाणे तांब्याचे असो, चांदीचे असो वा सोन्याचे, सर्वांचे वजन एकच. इतिहास म्हणून पाहिले तर हे हास्यास्पद आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुढील आवृत्त्यांनी पन्नास नाण्यांचा पौंड करून नाणे पाऊण तोळ्याच्या आसपास आणले, आणि ते अधिक विश्वसनीय झाले यात शंका नाही.

परंतु नाणे विश्वसनीय झाले आणि ओझे मात्र खेळातून निघून गेले. 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीत पात्राच्या शक्तीच्या आकड्याला 15 ने गुणले की तितके पौंड त्याला उचलता येतात, त्यामुळे 16 शक्तीचा योद्धा 240 पौंड, म्हणजेच 12,000 नाणी, वेगात काहीही फरक न पडता घेऊन फिरू शकतो. त्या पुस्तकात अधिक कडक असा पर्यायी नियमही आहे. पण तो लावणारा रेफरी, म्हणजे खेळ चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, मला अजून भेटायचा आहे.

‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’मध्ये हिशेब वेगळा आहे. एकूण ओझे 400 नाण्यांपर्यंत असेल तर पात्र एका टर्नमध्ये, म्हणजे दहा मिनिटांत, 120 फूट शोध घेत पुढे जाते; 600 पर्यंत 90 फूट, 800 पर्यंत 60 फूट आणि 1600 पर्यंत अवघे 30 फूट. त्यापलीकडे पाऊलच उचलत नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की वेग कमी होणे ही केवळ नकाशावरची अडचण राहत नाही, कारण मशाल सहा टर्नमध्ये विझते आणि साधारणपणे दर दोन टर्नांनी रेफरी फासा टाकून एखादा भटका राक्षस आला का हे पाहतो. जितके ओझे अधिक तितके टर्न अधिक, तितक्या मशाली अधिक आणि तितकेच फासेही अधिक. शिवाय या खेळात अनुभवाचे गुण मुख्यतः बाहेर आणलेल्या धनाचे मिळतात, एका सुवर्णनाण्याला एक गुण. योद्ध्याला दुसरी पातळी गाठण्यासाठी 2,000 गुण लागतात. राक्षसांचे किरकोळ गुण सोडले तर हे सुमारे 90 किलो सोने झाले. ज्या वस्तूसाठी विवरात उतरायचे तीच वस्तू बाहेर पडू देत नाही, ही या नियमाची खरी गंमत आहे.

आमच्या गटाचा एक प्रसंग सांगतो. तळघराच्या टोकाला 3,000 तांब्याची, 1,000 चांदीची आणि 600 सोन्याची नाणी सापडली. प्लेट मेल, ढाल, तलवार, कट्यार आणि किरकोळ सामानाची ठरावीक 80 नाणी धरून योद्ध्याचे ओझे आधीच 750 होते. म्हणजे 60 फुटांचा वेग राखायचा तर त्याला फक्त 50 नाणी उचलता येत होती. साखळी चिलखतातल्या पुरोहिताला 190, चोराला 460 आणि कट्यारीखेरीज हातात काहीच नसलेल्या मांत्रिकाला तब्बल 710. बेरीज 1,410. सगळे सोने आणि 810 चांदीची नाणी त्यात बसत होती. उरलेल्या 190 चांदीच्या आणि 3,000 तांब्याच्या नाण्यांची किंमत सोन्यात मोजली तर केवळ 49 नाणी, पण तीही घ्यायची म्हटल्यास सर्वांनाच 30 फुटांच्या वेगाने सरपटावे लागणार होते. दरवाजा 720 फूट दूर होता. ओळखीच्या वाटेवर वेग वाढवण्याची मुभा पुस्तक रेफरीला देते, पण आमच्या रेफरीने ती दिली नाही. विश्रांती वगळून बारा टर्न की चोवीस, सहा फासे की बारा, आणि दोन्ही हातांत पोती असतील तर मशाल कोणी धरायची, यावर टेबलाभोवती पाऊण तास काथ्याकूट झाली. त्या संध्याकाळी एकही लढाई झाली नाही आणि कोणाची तक्रारही नव्हती. तांबे तेथेच राहिले.

याच उदाहरणात नियमाचा मोठा दोषही दडलेला आहे. सर्वांत अधिक ओझे मांत्रिक उचलतो, कारण ओझ्याच्या हिशेबात शक्तीला काहीच स्थान नाही; 3 शक्तीचा कृश मांत्रिक आणि 18 शक्तीचा पहिलवान यांची मर्यादा 1600 च. जुन्या संचांशी इमान राखण्याच्या हट्टापायी नॉर्मन यांनी हे तसेच ठेवले आहे. हट्ट समजण्यासारखा आहे, तरी मांत्रिकाला हमाल करणारा नियम टेबलावर प्रत्येक वेळी हशा पिकवतो आणि तो हशा प्रसंगाचे गांभीर्य घालवतो. दुसरी उणीव त्या 80 नाण्यांच्या ठरावीक आकड्याची. तीन मशाली घेतल्या काय आणि तीस घेतल्या काय, आकडा तोच राहतो, त्यामुळे खजिन्याबाबत नाणे नाणे मोजणारा नियम मशालींबाबत अचानक उदार होतो.

बेरीज-वजाबाकीचा कंटाळा असलेल्यांसाठी पुस्तकात चिलखत कोणते आणि खजिना बरोबर आहे की नाही एवढेच पाहणारा सोपा पर्याय आहे. तो मला निरुपयोगी वाटला, कारण त्यात तांबे टाकून सोने घेण्याचा प्रश्नच उभा राहत नाही. त्यापेक्षा 2023 सालच्या ‘शॅडोडार्क’ या अशाच खेळाची पद्धत बरी : तेथे वस्तू वजनाऐवजी सामानाच्या ठरावीक जागांमध्ये मोजतात, पहिली शंभर नाणी फुकट आणि पुढील प्रत्येक शंभरांना एक जागा. हिशेब बोटांवर होतो आणि निवडही करावी लागते. मात्र शंभरांच्या पटीत मोजल्यामुळे ‘आणखी पन्नास घेऊ का’ हा हावरट प्रश्न बोथट होतो, आणि मला तर तोच प्रश्न हवा असतो.

आम्ही सध्या सविस्तर नियमच वापरतो, फक्त प्रत्येक पात्राच्या शक्तीनुसार मर्यादा थोडी वर-खाली करतो आणि चिलखत-शस्त्रांची बेरीज कॅरॅक्टर शीटच्या, म्हणजे पात्राच्या नोंदींच्या कागदाच्या, कोपऱ्यात एकदाच शाईने लिहून ठेवतो. खेळ चालू असताना केवळ नाण्यांचा आकडा पेन्सिलीने बदलावा लागतो. नियमांचा मोठा भाग प्रकाशकाने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवला असल्यामुळे ओझ्याचे पान तेथे वाचून, एक-दोन वेळा खेळून मगच पुस्तक घ्यायचे की नाही हे ठरवता येईल. 30 सुवर्णनाण्यांचे खेचर आधीच विकत घेऊन ठेवावे : ते 2,000 नाणी वेग न गमावता वाहते, आणि आमच्या मांत्रिकाने आता स्वतःच्या वाट्यातून दोन घेतली आहेत.