हिमेजी किल्ल्याजवळचं घर बुक केलं आणि ५८ हजार गेले

ज्यांचं एप्रिलमध्ये जपान ठरतंय आणि हिमेजीला किल्ल्याजवळ एकदोन रात्री राहायचं डोक्यात आहे त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा. आमचे ५८ हजार गेले ते गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे ७१ वर्षांच्या आईला अंधार पडताना, थंडीत, अनोळखी गल्लीत बॅगेवर बसवून ठेवायची वेळ आली. ते अजून मनातून जात नाही.

आम्ही चौघं होतो, मी, बायको, १२ वर्षांची मुलगी आणि आई. आई रोज सकाळी सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरायला जाते, ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे त्यामुळे तिला एकदा ती मूळ बाग बघायचीच होती. मला हिमेजीचा किल्ला. लहानपणापासून आपले गड चढलोय, पण १६०९ मध्ये पूर्ण झालेला लाकडी बुरूज (म्हणजे किल्ल्याची मुख्य उंच इमारत), तोसुद्धा मूळचा, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात आजूबाजूचं शहर जळालं तरी उभा राहिलेला, हे डोळ्यांनी बघायचं होतं. हिमेजी ते ओकायामा शिंकानसेननी (बुलेट ट्रेननी) साधारण २० मिनिटं, म्हणून ठरवलं की हिमेजीला तीन रात्री राहायचं आणि तिथूनच दोन्ही करायचं.

जानेवारी २०२५ मध्ये शोधायला लागलो. एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे तिथे साकुरा (चेरी) फुललेला असतो, स्टेशनजवळची हॉटेलं एक तर भरलेली नाहीतर रेट दुप्पट. आणि तिकडच्या बिझनेस हॉटेलची खोली एवढीशी असते की दोन बॅगा उघडल्या की चालायला जागा नाही, चौघांना दोन खोल्या घ्याव्याच लागतात. मग एका मोठ्या ॲपवर (नाव लिहीत नाही) एक जुनं लाकडी घर दिसलं. अख्खं घर, तातामीची (जाड गवती चटयांची) खोली, गोल खिडकी आणि खिडकीतून पांढराशुभ्र किल्ला. 'किल्ल्यापासून चालत ३ मिनिटं' असं लिहिलेलं. बायकोला फोटो दाखवला, ती म्हणाली हेच घे. आईनी तर तो फोटो मावशीला पाठवून पण दिला.

रिक्वेस्ट टाकली. तासाभरात होस्टचा मेसेज, की ॲपवरचं कॅलेंडर नीट चालत नाहीये, तुमच्या तारखा दुसऱ्या कोणाला जातील, व्हॉट्सॲपवर या मी थेट बुकिंगची लिंक देतो. इथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, कारण 'तारखा जातील' हे वाचून मला घाई झाली. लिंक उघडली तर पान डिट्टो त्या ॲपसारखं, आमच्या तारखा, चार जण, तोच फोटो, सगळं बरोबर. कार्ड टाकलं, ओटीपी आला, टाकला. तो एसएमएस मी आता शंभर वेळा वाचलाय. त्यात दुकानाचं नाव वेगळंच होतं, आणि रक्कम येनमध्ये नाही, युरोमध्ये होती. जपानमधल्या घराचे पैसे युरोत कशाला जातील? पण त्या क्षणी मी फक्त सहा आकडे बघितले.

नंतर त्या माणसानी चौघांच्या पासपोर्टचे फोटो मागितले. जपानमध्ये भाड्याच्या घरात उतरणाऱ्या परदेशी लोकांच्या पासपोर्टची प्रत ठेवायचा नियम खरंच आहे, मी ते वाचलेलं होतं, त्यामुळे संशय आला नाही उलट विश्वास वाढला. पाठवले. पैशांपेक्षा मला आज त्याची जास्त काळजी वाटते, मुलीचा पण पासपोर्ट आहे त्यात.

आणि तो माणूस पैसे घेऊन गायब झाला नाही हे लक्षात घ्या. अडीच महिने उत्तरं देत होता. जवळ सुपरमार्केट कुठे, आईला जिना चढावा लागेल का, हीटर आहे का, सगळं. निघायच्या दोन दिवस आधी 'चेक-इन गाइड' म्हणून पीडीएफ आली, त्यात दाराच्या कुलपाचा चार आकडी कोड. असं सगळं असल्यावर कोण संशय घेईल?

हिमेजीला संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरलो. स्टेशनच्या उत्तरेच्या दारातून बाहेर आलं की समोर ओतेमाए-दोरी हा सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला किल्ला, आई तिथेच हात जोडून उभी राहिली. टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवला. तो किल्ल्याला वळसा घालून मागे, नोझातो नावाच्या जुन्या वस्तीत घेऊन गेला, आणि थांबला तिथे पार्किंग. नाणी टाकून गाडी लावतात तसलं, सहा गाड्यांचं. शेजारच्या घरातल्या आजींना फोनवर फोटो दाखवला, त्यांनी मान हलवली आणि मग आमच्याकडे अशा बघत राहिल्या की मला समजलं. त्यांनी आईसाठी आतून गरम चहाचा कप आणून दिला. होस्टला मेसेज केला तर एक टिक, मग डीपी पण गेला.

तिथे उभं राहून किल्ल्याकडे बघितलं तेव्हा फोटोतली चूक दिसली. दक्षिणेकडून बघितलं तर मोठा बुरूज उजवीकडे आणि छोटा डावीकडे दिसतो, आपण कॅलेंडरवर बघतो ते चित्र तेच. खिडकीतल्या फोटोत पण तसंच होतं. पण पत्ता किल्ल्याच्या उत्तरेचा, तिथून तसं दिसणंच शक्य नाही. म्हणजे कुठल्यातरी खिडकीत दक्षिणेकडचा फोटो चिकटवलेला. आणि ३ मिनिटं पण खोटं, किल्ल्यात शिरायचं मोठं दार दक्षिणेला आहे, मागच्या वस्तीतून तिथपर्यंत चांगलंच चालावं लागतं. नकाशावर दोन मिनिटं बघितलं असतं तर घरी बसून कळलं असतं.

स्टेशनजवळच्या कोबानमध्ये, म्हणजे त्यांच्या पोलीस चौकीत गेलो. फोनवर दुभाषी जोडून त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्यातल्या एकानी मला लिस्टिंगमधला नोंदणी क्रमांक विचारला. २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्यापासून तिकडे घर असं भाड्यानी द्यायचं तर नोंदणी लागते, तो नंबर जाहिरातीत लिहावा लागतो आणि दारावर पाटी लावावी लागते. आमच्या लिस्टिंगमध्ये नंबर होता, 'एम १३' नी सुरू होणारा. त्यानी बोट ठेवून दाखवलं, १३ म्हणजे तोक्यो. हिमेजी ह्योगो प्रांतात, तिथला 'एम २८' नी सुरू होतो. कुणाचातरी उचलून टाकलेला. (हॉटेलं आणि काही जुनी घरं वेगळ्या परवान्यावर चालतात, त्यांचा नंबर असा नसतो, तेव्हा परवाना कुठल्या ऑफिसचा आहे ते विचारायचं.)

हिमेजीत त्या रात्री चौघांना जागा मिळेना. शेवटी ओकायामाला दोन खोल्या मिळाल्या, रात्री साडेआठला तिथे पोचलो आणि तीनही रात्री तिथेच राहून हिमेजी दिवसात केलं. खरं सांगू का, हेच आधी करायला हवं होतं. ओसाकाला राहत असाल तरी फास्ट लोकलनी साधारण तासाभरात हिमेजी येतं, आणि स्टेशन ते किल्ला सरळ एक किलोमीटर आहे, किल्ल्याला चिकटून राहायची गरजच नाही. वयस्कर माणसं असतील तर अजून एक, बुरुजात आत बूट काढून हातात घ्यावे लागतात आणि जिने अगदी उभे आहेत, आई खालीच थांबली.

बँकेचं सांगतो कारण तिथे पण मी चुकलो. मी तक्रार 'फ्रॉड' म्हणून केली, त्यांनी सांगितलं ओटीपी तुम्ही स्वतः दिलात, आमची जबाबदारी नाही. दुसऱ्या बँकेत काम करणाऱ्या मित्रानी सांगितलं की 'पैसे दिले पण सेवा मिळाली नाही' असा वाद घालायचा, तो प्रकार वेगळा असतो आणि त्याला मुदत असते. ते केलं. समोरच्यानी कागद दिला की आम्ही 'प्रवास सल्ल्याचे' पैसे घेतले होते आणि सल्ला दिला. अडीच महिन्यांच्या चॅटचे स्क्रीनशॉट जोडून! म्हणजे तो इतकी उत्तरं का देत होता ते तेव्हा कळलं. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार आहे (भारतात असाल तर पैसे गेल्या गेल्या १९३० ला फोन करा, तासाच्या आत केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त), रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पण लिहिलंय. एक रुपया परत आलेला नाही.

मागच्या महिन्यात सहज बघत होतो तर तीच तातामीची खोली, तीच गोल खिडकी, कोपऱ्यात तीच लाल किटली परत दिसली. खिडकीत आता काळा किल्ला आहे आणि लिहिलंय मात्सुमोतो किल्ल्यापासून २ मिनिटं. रिपोर्ट केली, चार दिवसांनी ती लिस्टिंग निघाली. गोल खिडकी आणि लाल किटली कुठल्याही किल्ल्याशेजारी दिसली तर बुक करू नका, आणि मला कळवा.