दाजी सहा आठवडे घरी, मग आधी काय बघायचं: चेर्नोबिल, रेल्वे मेन, स्कॅम की वायर?

आमच्या दाजींचा पाय मोडलाय. कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं घरी येताना पावसात गाडी घसरली, नडगीचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, सलग दोन दिवस घरात बसलेला मी कधी बघितलेला नाही, आणि आता सकाळ संध्याकाळ फोन, "काय तरी बघायला सांग की, पण दमदार सांग, आणि दहा नावं सांगू नको, एकच सांग."

एकच सांगायचं तर आधी मनात चार घोळवावी लागतात. मी घोळवली ती ही: चेर्नोबिल, द रेल्वे मेन, स्कॅम १९९२ आणि द वायर. वरवर बघितलं तर चारांचा एकमेकांशी काय संबंध नाही, एकात अणुभट्टी, एकात गॅस, एकात शेअर बाजार, एकात अमेरिकेतली पोलीस चौकी. पण मला चारही एकाच कारणासाठी आवडतात, खोटा आकडा खालनं वर कसा चढत जातो हे त्यात फार बारकाईनं दाखवलंय. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे, आकड्यांवरच पोट आहे माझं, त्यामुळं हे मला लगेच दिसतं. रिजेक्शन, म्हणजे नापास माल, नऊ टक्के आलं तर ऑडिटच्या आदल्या दिवशी ते सहा कसं होतं हे मी एका ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय आणि त्या नोकरीवर मी राहिलो नाही.

तर आधी चेर्नोबिल. २०१९ ची, एचबीओची, फक्त पाच भाग, सगळं मिळून साधारण साडेपाच तास. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिल अणुप्रकल्पाचा चार नंबरचा रिअॅक्टर फुटला त्याची ही गोष्ट. पहिल्याच भागात एक आकडा येतो, ३.६ रोंटजेन, रोंटजेन म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं माप. मीटर लावलं, ३.६ आलं, साहेबाला सांगितलं, साहेबानं त्याच्या साहेबाला सांगितलं, कमिटी बसली, मॉस्कोला फोन गेला, आणि प्रत्येक पायरीवर माणसं जरा निवांत होत गेली. आणि ते ३.६ का, तर हाताशी होतं त्या मीटरचा काटा त्याच्या पुढं जातच नव्हता. आपल्याकडं पावसाळ्यात सगळं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघत बसतं बघा, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, रात्री दोन वाजता उठूनसुद्धा लोक मोबाईलवर फूट बघतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आता समजा त्या पट्टीवर ३९ च्या वर खुणाच नसत्या, आणि कुणीतरी वर कळवलं असतं की ३९ आहे, काळजीचं कारण नाही! तो पहिला भाग बघताना माझ्या अंगावर काटा आला तो ह्यामुळं. आम्ही पूर बघितलेली माणसं आहोत, आकडा खरा असणं म्हणजे काय ते आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

दुसऱ्या भागात आणखी एक गोष्ट आहे जी फौंड्रीवाल्याला आणि लेथवाल्याला खुर्चीतनं उठवते. खाली टाक्यांत पाणी साठलंय आणि वरनं वितळलेला रिअॅक्टर खाली उतरतोय. दोघं एकमेकांना भेटले तर संपलं. आमच्याकडं पावसाळ्यात ओला स्क्रॅप भट्टीत टाकू नका म्हणून ओरडून ओरडून घसा बसतो तो ह्याच कारणानं, पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटीच्या वर जागा लागते आणि ती जागा ती चौदाशे-पंधराशे डिग्रीचं लोखंड उडवून करून घेते. एका पावसाळ्यात रात्रपाळीला मी एक बारका फटका बघितलाय, मूठभर ओला कचरा असेल नसेल, पण छताच्या पत्र्याला भोकं पडली होती. त्यामुळं ते टाकीतलं पाणी काढायला तीन माणसं अंधारात गुडघाभर पाण्यातनं चालत जातात, मीटर कडकड कडकड वाजतंय, टॉर्च एकेक करून विझत जाते, तो सीन मला कुठल्याही भूताच्या पिक्चरपेक्षा जास्त भिववतो. आणि त्याचं संगीत पण ऐका, हिल्दूर गुडनाडोत्तिर नावाच्या बाईंनी लिथुआनियातल्या बंद पडलेल्या अणुप्रकल्पात जाऊन तिथल्या पंपांचे, दारांचे, खोल्यांचे आवाज रेकॉर्ड केले आणि त्यातनं ते केलंय. मशीनजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला तो घुमणारा आवाज ओळखीचा वाटतो.

सगळं जसंच्या तसं खरं आहे असं मात्र धरून बसू नका. उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ बाई काल्पनिक आहे, अनेक शास्त्रज्ञांचं मिळून एक पात्र केलंय आणि हे मालिकाच शेवटी सांगते. मालिकेतला मुख्य शास्त्रज्ञ लेगासोव, ते खऱ्या खटल्यात हजर नव्हते. टाकीतल्या पाण्यानं दुसरा स्फोट झाला तर त्याची ताकद म्हणून जो मेगाटनांचा आकडा त्यात सांगतात तो फारच फुगलेला आहे, म्हणजे खोट्या आकड्यांवरच्या मालिकेत एक आकडा असा निघावा ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण शेवटच्या भागात लाल आणि निळ्या पाट्या लावून रिअॅक्टर का फुटला हे जे समजावलंय, तसं समजावणारा मास्तर मला शाळेत मिळाला असता तर फार बरं झालं असतं.

आता द रेल्वे मेन. २०२३ ची, नेटफ्लिक्सवर, हिंदीत, चारच भाग. भोपाळ, २ डिसेंबर १९८४ ची रात्र. इथंही पाणीच आहे बघा, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० नंबरच्या टाकीत पाणी गेलं आणि त्यातल्या मिथाइल आयसोसायनेट ह्या विषारी रसायनाची रिअॅक्शन सुरू झाली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद, गॅस जाळून टाकणारा मनोरा बंद. मेंटेनन्सचे पैसे वाचवले की ते कुठं जाऊन बाहेर पडतात हे ह्यात दिसतं. के के मेनन स्टेशन मास्तर झालेत, ते पात्र गुलाम दस्तगीर ह्यांच्यावर बेतलंय, भोपाळ स्टेशनचे डेप्युटी सुपरिंटेंडेंट, त्यांनी त्या रात्री उभी गाडी वेळेआधी सोडायला लावून कितीतरी माणसं वाचवली. मेनन ह्यांचं काम बघाच, घशात गॅस गेलेला माणूस ड्युटी सोडत नाही म्हणजे कसा वागेल ते त्यांनी नुसत्या खांद्यांनी दाखवलंय.

दोन्हीत मला डावं-उजवं विचारलंत तर मी चेर्नोबिलच्या बाजूनं. रेल्वे मेनला आपल्या ताकदीवर भरवसा नाही असं वाटत राहतं, म्हणून त्यात एक दरोडेखोर घातलाय, गाडीतली वेगळी मारामारी घातलीय, मधेच पिक्चर होतो. भोपाळच्या रात्रीला दरोडेखोराची काय गरज होती? चेर्नोबिलमधे असला एकही धागा नाही. पण अक्का बरोबर बसणार असतील तर गोष्ट वेगळी, चेर्नोबिल इंग्रजीत आहे, सबटायटल वाचत बसायला लागतं, आणि चौथ्या भागात रिकाम्या गावातली कुत्री मारायला तिघांना पाठवतात ते अक्काला बघवणार नाही, दारात त्यांचा मोत्या आहे. मला स्वतःला तो भाग दुसऱ्यांदा बघवला नाही. तिसऱ्यात दवाखान्यातलं भाजलेल्या माणसांचं आहे ते जेवताना लावू नका. रेल्वे मेन घरातल्या मोठ्यांना घेऊन बघता येते, रडू येईल पण बघता येते.

स्कॅम १९९२ बद्दल थोडक्यात, कारण निम्म्या कोल्हापूरनं ती बघितलीय आणि तिची ट्यून अजून लोकांच्या रिंगटोनला आहे. २०२० ची, सोनी लिव्हवर, दहा भाग, हंसल मेहता ह्यांचं दिग्दर्शन, शेअर दलाल हर्षद मेहताच्या भूमिकेत प्रतीक गांधी. चारांत सगळ्यात पटकन पकडणारी हीच. बँक रिसीट (रोखे नंतर देतो अशी बँकेची पावती) म्हणजे काय, एका बँकेचे पैसे दुसऱ्या बँकेत जाताना मधल्या मधे बाजारात कसे फिरवले, हे कॉमर्स न शिकलेल्या माणसालाही कळतं. आणि आपल्याला एक जवळची खूण, ज्या बारक्या बँकांच्या खोट्या रिसीट वापरल्या गेल्या त्यात एक बँक ऑफ कराड होती. हायवेला लागलं की दीड तासात कराड! एवढा मोठा घोटाळा आणि त्यातला एक कागद आपल्या शेजारच्या गावाच्या नावाचा. माझी तक्रार एकच, मालिका हर्षद मेहताच्या प्रेमात पडलीय, त्यानं काय केलं हे कळूनसुद्धा बघणारा त्याच्याच बाजूनं टाळ्या वाजवतो, आणि पत्रकार सुचेता दलाल ह्यांनी २३ एप्रिल १९९२ ला घोटाळ्याची बातमी छापली तिचं वजन त्यात हलकं होतं.

राहिली द वायर, आणि खरं सांगायचं तर माझा जीव हिच्यात. २००२ ते २००८, पाच सीझन, ६० भाग. डेव्हिड सायमन हे बाल्टिमोरच्या पेपरात क्राईम रिपोर्टर होते, त्यांच्या बरोबरचे एड बर्न्स आधी डिटेक्टिव्ह आणि नंतर शाळामास्तर, म्हणजे दोघांनी ते शहर पायी तुडवलेलं आहे आणि ते कळतं. पहिल्या सीझनला गर्दुल्ल्यांचा कोपरा आणि फोन टॅपिंग, मग बंदर, मग राजकारण, मग शाळा, मग पेपर. चौथ्या सीझनमधे एक पोलीस नोकरी गेल्यावर गणिताचा मास्तर होतो, आणि परीक्षेचे मार्क वर दिसावेत म्हणून शाळा काय करते ते बघून त्याच्या लक्षात येतं की गुन्हे कमी दाखवायला चौकीत हेच करत होतो. तिथं मी टीव्ही थांबवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो, एवढं लागलं.

दुसरा सीझन लोकांना आवडत नाही, मला सगळ्यात जास्त आवडतो. बंदरावरची माणसं, कामच येईना, दिवसाला पाच जणांची गरज आणि उभे पन्नास. आजोबा शाहू मिलला होते आमचे, १९०६ ला शाहू महाराजांनी काढलेली मिल, भोंगा झाला की शहर चालायचं, पुढं मिलच बंद पडली. आजोबा नंतर कित्येक वर्षं भोंग्याच्या वेळेला उठून अंगणात बसायचे. बंदरावरचा तो युनियनचा पुढारी बघताना मला सारखे आजोबा दिसत होते.

पण ही पहिली म्हणून लावू नका. पहिले चार भाग कोण कुणाचा कळत नाही, बोली इतकी गल्लीतली की सबटायटल असूनही मागं घ्यावं लागतं, प्लास्टरमधे वैतागलेला माणूस तिसऱ्या भागाला रिमोट फेकेल आणि एवढी चांगली गोष्ट कायमची जाईल. हिला धीर लागतो. दिवसाला दोन धरले तरी महिना जातो, दाजींकडं तेवढे दिवस आहेत, म्हणून मी सांगितलं की आधी पाच भाग चेर्नोबिल एकट्यानं, दुपारी, मग अक्काला घेऊन रेल्वे मेन, आणि मग उरलेले दिवस वायरला द्या, स्कॅम पाय बरा झाल्यावरही बघता येईल. चेर्नोबिल आणि वायर सध्या जिओहॉटस्टारवर मिळतात, पण ही ॲपं सारखी बदलतात, पैसे भरायच्या आधी नाव टाकून बघा.

काल रात्री साडेअकराला दाजींचा फोन आला. दुसरा भाग संपला होता. म्हणाले, "ती तिघं पोरं पाण्यात गेली रे, बाहेर आली का?" मी म्हटलं उद्या बघा. तर म्हणाले, "उद्या कशाला, लावलाय मी तिसरा," आणि ठेवला.