जुनं हेलिओ कुरियर घेताय? आधी स्लॅट हाताने सरकवून बघा

एमआयटीचे ऑटो कोपेन आणि हार्वर्डचे लिन बोलिंजर यांच्या 1949 मध्ये उडालेल्या नमुन्यातून हे अमेरिकी विमान आलं. तोकड्या पट्टीवर उतरण्याची त्याची ख्याती बरीचशी स्लॅटमुळे, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेवरच्या, आत-बाहेर सरकणाऱ्या पात्यांमुळे. त्यांना मोटर नाही, केबल नाही. वेग उतरून पंखाचा हवेशी कोन वाढला की वरचं शोषण त्यांना बाहेर खेचतं. वेग वाढला की हवाच आत दाबते. टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश प्रशिक्षण विमानात स्लॅट अडकवून ठेवायची सोय तरी होती, इथे तीही नाही. रचना मात्र फर्मास.

'एक बाहेर आला, दुसरा आतच' ही तक्रार नेहमीची, आणि निम्म्या वेळा ती तक्रारच नसते. डावे-उजवे एकमेकांना जोडलेले नाहीत. बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी, डॅशबोर्डवरची गोळी) मधोमध नसेल किंवा हवा उसळती असेल, तर ते मागेपुढे येणारच. म्हणून पुरेशा उंचीवर, शांत हवेत, बॉल मध्ये धरून वेग सावकाश उतरवा. असं दोन-तीनदा करा. उशीर करणारी बाजू बदलत राहिली तर सोडून द्या. दरवेळी तीच बाजू अडत असेल तर दोष यांत्रिक आहे. हे अंगावर काढू नका: उतरताना बंद राहिलेल्या बाजूचा पंख आधी पडतो.

जमिनीवर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा) बंद करून प्रत्येक स्लॅट दोन्ही टोकांना तळवे लावून आत-बाहेर करा. स्प्रिंग काट्याने ओढून डाव्या-उजव्याचा जोर ताडून पाहा. एक टोक पुढे धावलं की स्लॅट तिरका होऊन ट्रॅकमध्ये, म्हणजे ज्या रुळावर तो सरकतो त्यात, आवळतो. अशा वेळी रोलर झिजलेला किंवा ट्रॅक वाकलेला असतो. रंगाचा जाड थरही घासतो. पण सगळ्यात मोठा गुन्हेगार ग्रीस! गवती पट्टीची धूळ त्यात बसली की पॉलिश पेपरच तयार होतो. सॉल्व्हंटच्या फडक्याने ट्रॅक कोरडा पुसा आणि मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये दिलेलंच वंगण लावा. थांब्याचं रबर गेलं असेल तर धातूवर धातू आपटल्याच्या खुणा दिसतात. स्लॅट बंद करून सांध्यावरून बोट फिरवा. पायरी लागली तर पोचा काढून, पुटी भरून रंगवलेला असण्याची शक्यता धरा.

गिअर असलेलं जीओ-480 इंजिन महाग पडतंच, त्याची तयारी ठेवूनच लोक येतात. वाकलेल्या ट्रॅकचं तसं नाही. विमानाचं उत्पादन कधीच थांबलंय. बदली ट्रॅक हाताशी असल्याशिवाय सौदा करू नका.