वांगावरचा उपचार: कोथरूडमधील एका त्वचारोग दवाखान्याचा अनुभव
गालांवरील वांगासाठी येथे गेल्यावर डॉक्टरांनी सर्वप्रथम आजवर लावलेल्या मलमांची चौकशी केली. कारण हायड्रोक्विनोन (डाग फिका करणारे औषध), ट्रेटिनॉइन (अ-जीवनसत्त्वाच्या गटातील औषध) आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या क्रीमने सुरुवातीला डाग फिके झाले, तरी देखरेखीविना दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते आणि चेहऱ्यावर लाली व पुरळ येते, हे त्यांनी सविस्तर समजावले. लेझरचा आग्रह धरला नाही, कारण सावळ्या त्वचेवर त्याने डाग अधिक गडद होण्याचा धोका असतो. किमान ३० एसपीएफचे, शक्यतो आयर्न ऑक्साइड (दृश्य प्रकाशही अडवणारे रंगद्रव्य) असलेले सनस्क्रीन उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावण्यावरच त्यांचा सारा भर होता. वेळ ठरवूनही ताटकळावे लागते, आणि बाहेरच्या खोलीतील ‘ग्लो फेशियल’च्या जाहिराती (या सल्ल्याशी त्यांचा मेळ कसा घालायचा?) खटकतात.