सात पिनांची जोडी की पंधरा पिनांचा एकच प्लग?

ट्रकमधून ट्रेलरला वीज द्यायची तर दोन सात-पिनी प्लग घ्यावेत की एकच पंधरा-पिनी, हा प्रश्न. निपाणी-बेळगाव पट्ट्यात एका ट्रकमागे सारखे वेगवेगळे ट्रेलर लागत असतील, तर माझं मत सात पिनांच्या बाजूनं. २४-एन या सात पिनांच्या सॉकेटमध्ये टेललाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट. जादा कामांसाठी वेगळं २४-एस, तेही सात पिनांचं. त्याची मधली पिन उलट असते, त्यामुळे दोन प्लगांची अदलाबदल होत नाही. वायर तुटली तर इलेक्ट्रिशियन टेस्टलॅम्प लावून शोधतो.

पंधरा पिनांत दोन्हींचं काम एकाच केबलमध्ये. ट्रक-ट्रेलरची जोडी कायमची असेल तर तेच घ्या. एबीएसला (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) मात्र सहसा स्वतंत्र केबल लागतेच.

हवेचे पाइप दोन्हीकडे तेच: लाल पुरवठ्याचा, पिवळा ब्रेक दाबल्याचा इशारा ट्रेलरला पोचवणारा. तवंदी घाट उतरण्याआधी लाल पाइपची जोडणी हातानं ओढून बघाच. तो सुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात आणि मागच्या गाडीला सावरायला वेळ मिळत नाही.